फुलाचा चौकोन आणि त्याचा हिशोब



आज आपण क्रोशाच्या सुईनं एक चौकोन विणू. मध्ये आठ पाकळ्यांचं फूल आणि भोवती चौकट. इंग्रजीत याला ‘ग्रॅनी स्क्वेअर’, म्हणजे आजीचा चौकोन, असं म्हणतात. आकार तळहाताएवढा. असे चौकोन जोडत गेलं की त्यातून उशीचा अभ्रा, पिशवी, दाराचं तोरण किंवा बाळाचं पांघरूण होतं. अमेरिकेत १८८५ साली शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या ‘प्रेअरी फार्मर’ या नियतकालिकात असा चौकोन छापून आला होता. उरलेल्या दोऱ्याचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून बायका तो करत. आपल्याला हे नवीन नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आपल्या आज्यांनी हेच केलं.

नवशिक्या बाईनं याच चौकोनापासून सुरुवात करावी, असं मी नेहमी सांगते. स्वेटर विणताना सुयांवर शंभरेक टाके असतात. पोरानं एक सुई ओढली की सगळं निसटतं. क्रोशात सुईवर बहुतेक वेळ एकच टाका असतो. दूध उतू चाललं, दारात कुणी आलं, सासूबाईंनी हाक मारली, तर तो एक टाका ओढून लांब करायचा आणि काम खाली ठेवून उठायचं. परत येऊन टाका आवळला की पुढे सुरू. शिवाय एक चौकोन संपला की काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. आपल्या दिवसात सलग दोन तास कुणाला मिळतात? पण वीस-वीस मिनिटं मिळतात.

आता सामान लिहून घ्या. साडेतीन किंवा चार मिलिमीटरची क्रोशाची सुई. आकडा सुईच्या दांड्यावर लिहिलेला असतो. जाडसर दोरा तीन रंगांत: फुलाच्या मध्यासाठी पिवळा, पाकळ्यांसाठी लाल किंवा गुलाबी, आणि चौकटीसाठी पांढरा किंवा हिरवा. कात्री, आणि टोकं लपवायला मोठ्या नाकाची सुई. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते. स्वस्त असते, रंग छान असतात, शिकायला चालते. पण आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. उशीला, पिशवीला, बाळाच्या अंगाला सुती दोराच बरा. लाल-निळा नवा दोरा असेल तर आधी एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग लागला तर तो पांढऱ्याशेजारी वापरू नका.

विणायला घेण्याआधी तीन गोष्टी यायला हव्यात. पहिली साखळी. दोऱ्याचा सरकफास करून सुईवर घ्या. सुईवर दोरा घ्या आणि फासातून ओढून काढा. ही झाली १ साखळी. दुसरी जोडटाका. सुई टाक्यात घाला, दोरा घ्या आणि तो टाक्यातून व सुईवरच्या फासातून एकदमच बाहेर ओढा. तिसरी गोष्ट खांब. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई खाली घाला, दोरा ओढून वर आणा. सुईवर ३ फास दिसतील. दोरा घेऊन २ फासांतून काढा. राहिले २. पुन्हा दोरा घेऊन त्या २ फासांतून काढा. खांब झाला. आज संध्याकाळी नुसत्या साखळ्या आणि खांबच केलेत तरी पुष्कळ झालं.

पहिली फेरी, पिवळा दोरा. ४ साखळ्या करा. पहिल्या साखळीत जोडटाका घालून गोल बंद करा. आता ४ साखळ्या करा. यातल्या ३ साखळ्या म्हणजे पहिला खांब, आणि चौथी म्हणजे मधली मोकळी साखळी. पुढे गोलाच्या पोटात सुई घालून १ खांब, १ साखळी, असं ७ वेळा. शेवटी सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत जोडटाका. मोजा: ८ खांब आणि त्यांच्यामध्ये ८ खिडक्या. खिडक्या ७ भरल्या तर एवढीच फेरी उसवा. पुढे फूल वाकडं होण्यापेक्षा हे सोपं. दोरा कापा आणि फासातून ओढून घट्ट करा.

दुसरी फेरी, पाकळ्या. लाल दोरा कुठल्याही एका खिडकीत बांधा. २ साखळ्या करा. आता त्याच खिडकीत एक खांब सुरू करा, पण शेवटची पायरी करू नका. सुईवर २ फास राहिले की थांबा. तिथेच दुसरा खांब तसाच अर्धवट करा. सुईवर ३ फास होतील. दोरा घेऊन तिन्हींतून एकदम ओढा. पहिली पाकळी झाली. २ साखळ्या करा. पुढच्या खिडकीत ३ अर्धवट खांब घ्या, सुईवर ४ फास होतील, ते एकदम बंद करा. पुन्हा २ साखळ्या. अशा ८ पाकळ्या. शेवटच्या २ साखळ्यांनंतर पहिल्या पाकळीच्या डोक्यावर जोडटाका घालून दोरा कापा. चार फास एकदम ओढताना सुई अडते. अडली तर तिचं तोंड खाली वळवा आणि दोरा सैल धरा. हात घट्ट असणाऱ्या बाईचं फूल वाटीसारखं वर उचलतं. सुई अर्ध्या मिलिमीटरनं मोठी घेतली की ते सपाट बसतं.

तिसरी फेरी, गोलाचा चौकोन. पांढरा दोरा दोन पाकळ्यांमधल्या कुठल्याही खिडकीत बांधा. हा पहिला कोपरा. पहिल्या खांबाऐवजी ३ साखळ्या, मग २ खांब. २ साखळ्या. पुन्हा त्याच खिडकीत ३ खांब. कोपऱ्याचं सूत्र लक्षात ठेवा: ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, सगळं एकाच खिडकीत. मग १ साखळी. पुढच्या खिडकीत फक्त ३ खांब. ही बाजू. १ साखळी. त्याच्या पुढच्या खिडकीत पुन्हा कोपरा. एक खिडकी कोपऱ्याची, एक बाजूची. खिडक्या ८, म्हणून कोपरे ४ आणि बाजू ४. फेरी संपताना १ साखळी करून सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत जोडटाका घाला. या फेरीत ३६ खांब भरायला हवेत.

चौथी फेरी, किनार. दोरा एका कोपऱ्याच्या खिडकीत बांधा. रंग तोच ठेवा किंवा बदला. प्रत्येक कोपऱ्यात पुन्हा तेच सूत्र, बाजूवरच्या प्रत्येक खिडकीत ३ खांब, आणि प्रत्येक गटानंतर १ साखळी. जोडटाका घालून बंद करा. आता ४८ खांब झाले. कोपऱ्यातल्या २ साखळ्या विसरल्या की चौकोन गोल होऊ लागतो. म्हणून कोपऱ्यात आल्यावर तोंडानं मोजा. शेवटी सगळी टोकं मागच्या बाजूनं, एकदा पुढे आणि एकदा उलट ओवून मगच कापा. नुसती गाठ धुण्यात सुटते.

इथवर विणणं झालं. आता याच कामाची दुसरी बाजू, हिशोबाची.

आपल्या नांदेडच्या घाटांवरून जाणारी गोदावरी आणि तिला पुढे जाऊन मिळणारी लातूरकडची मांजरा, यांचं पाणी तेलंगणातून आंध्र प्रदेशात समुद्राला मिळतं. तिथे गोदावरीच्या एका फाट्यावर नरसापूर नावाचं गाव आहे. त्या भागातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम तिथे आणलं. ती लेस परदेशात जाते. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई होत्या. काही वर्षं त्या पुण्यात जर्मन शिकवत होत्या. नंतर त्यांनी नरसापूरच्या या बायकांचा अभ्यास केला. १९८२ साली त्यांचं ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक आलं. त्यांना काय दिसलं? बायका रोज कितीतरी तास विणत होत्या. माल परदेशी जात होता, व्यापारी मोठे होत होते. पण विणणाऱ्या बायकांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. त्या घरी बसून, फावल्या वेळात करतात, असंच सगळे म्हणायचे. काम फावल्या वेळातलं ठरलं म्हणून मजुरीही तशीच, हातावर टेकवल्यासारखी.

मैत्रिणींनो, ‘फावला वेळ’ हे दोन शब्द फार महाग पडतात. कापूस वेचणीला गेलेल्या बाईला कुणी म्हणत नाही की तू फावल्या वेळात वेचलास. तिचा कापूस काट्यावर चढतो, किलोवर पैसे मिळतात. कारण तो मोजला जातो. विणकाम मोजलं जात नाही, कारण ते वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत होतं. जे काम तुकड्यांत होतं ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. करणारीच्याही नाही.

आता मोजून बघू. हात बसला की असा एक चौकोन साधारण ४० मिनिटांत होतो असं धरा. बाळाच्या पांघरुणाला ६ ओळी आणि ८ रांगा, म्हणजे ४८ चौकोन लागले. ४८ गुणिले ४० म्हणजे १९२० मिनिटं, म्हणजे ३२ तास. टोकं लपवायला, जोडायला आणि भोवतीनं किनार घालायला आणखी ८ तास. एकूण ४० तास. आठ तासांच्या दिवसानं पाच दिवस. तुमच्या गावात निंदणी-खुरपणीला बाईला आज जो रोज मिळतो, तो पाचनं गुणा. त्यात दोऱ्याचे पैसे मिळवा. ही झाली त्या पांघरुणाची कमीत कमी किंमत.

हा आकडा ऐकून पहिल्यांदा तुम्हीच म्हणाल, “अगं बाई, इतकं कोण देणार?” खरंय, प्रत्येक गिऱ्हाईक देणार नाही. मग पांघरूण विकायला काढू नका, ते नातवासाठी ठेवा. विकायला दोन चौकोनांची छोटी पिशवी करा, चार चौकोनांचा ताटावरचा रुमाल करा. त्यात तास कमी, म्हणून किंमतही परवडणारी. पण तास सोडू नका. आणि एक लक्षात ठेवा. स्वेटरची वीण यंत्रावर निघते, क्रोशाचा असा चौकोन मात्र आजही हातानंच होतो. बाजारात तो फारच स्वस्त दिसला, तर यंत्रानं स्वस्त केला असं समजू नका. कुठल्यातरी बाईचे तास कुणी मोजले नाहीत, म्हणून तो स्वस्त आहे.

बचत गटात असाल तर चौकोन वाटून घेता येतात. दहा जणींनी पाच-पाच केले की पांघरूण झालं आणि वर दोन उरले. फक्त सुईचा आकडा आणि दोरा सगळ्यांचा एकच असू द्या, नाहीतर जोडताना बाजू जुळत नाहीत. ‘उमेद’ अभियानाच्या गटांना महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत माल मांडता येतो. तिथे जाताना प्रत्येक वस्तूवर तासांची चिठ्ठी लावून न्या. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दाखवा. आणि कुणी म्हणालं की घरबसल्या विणकाम देतो, आधी एवढे पैसे भरा, तर त्याला दारातूनच परत पाठवा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

या आठवड्यासाठी एवढंच करा. एक चौकोन विणा. सुरू करताना घड्याळ बघा, उठताना बघा, आणि वहीत लिहा. पहिल्याला दोन तास लागतील, लागू द्या. पाचव्याला किती लागले तेही लिहा. घरात कुणी विचारलं, काय लिहितेस, तर सांगा, हजेरी मांडतेय.

पुढच्या वेळी चौकोन एकमेकांना जोडायचे कसे ते पाहू. तोवर नमस्कार.