सोयरीक, कारस्थान आणि व्हर्सायचा गुलाब



मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. हा शब्द आता आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. मोठी माणसं मात्र निम्मा चेहरा व्यापणारे ते टपोरे डोळे पाहतात आणि पुस्तक खाली ठेवतात. त्यातून ती प्रेमकथा असेल तर बघायलाच नको! आज मला अशाच एका मालिकेबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव ‘व्हर्सायचा गुलाब’. रियोको इकेडा या लेखिका-चित्रकर्तीनं ती १९७२ आणि १९७३ या दोन वर्षांत ‘मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या साप्ताहिकात क्रमशः लिहिली आणि चित्रित केली. तेव्हा त्यांनी पंचविशीही ओलांडली नव्हती.

इकेडांनी विद्यार्थिदशेत श्टेफान त्स्वाइगचं मारी आंत्वानेतचं चरित्र वाचलं होतं. त्यावर मालिका करायची म्हटल्यावर संपादकांनी नाकं मुरडली. मुलींना इतिहास कशाला? त्यांना प्रेम हवं! इकेडांनी हट्ट सोडला नाही. त्यांनी प्रेमही दिलं आणि इतिहासही दिला, पण दोन वेगळ्या ताटांत नव्हे. या मालिकेत कुणी कुणावर प्रेम करायचं हाच राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

आता सुरुवातच बघा. १७७० साली १४ वर्षांची एक मुलगी व्हिएन्नाहून फ्रान्सला येते, ती १५ वर्षांच्या युवराजाची वधू म्हणून. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स ही जुनी वैरी राज्यं. त्यांची नवी मैत्री या सोयरिकीनं पक्की करायची होती. सोयरिकीतून राजकारण कसं चालतं, हे मराठी श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. दरबारात पाऊल टाकताच या मुलीची गाठ पडते म्हाताऱ्या राजाच्या लाडक्या मादाम द्यू बारीशी. दरबाराचा नियम असा की, वरच्या दर्जाच्या स्त्रीनं आधी बोलल्याशिवाय खालच्या दर्जाचीनं तोंड उघडायचं नाही. ही पोर हट्टानं गप्प राहते. राजा संतापतो. तिकडे व्हिएन्नात आईला घाम फुटतो, कारण पोलंडच्या फाळणीचा घाट घातलेला आहे आणि फ्रान्सची नाराजी परवडणारी नाही. शेवटी १७७२च्या नववर्षदिनी ती जाता जाता एवढंच म्हणते की, आज व्हर्सायला गर्दी फार आहे. बस्स. दोन बायकांच्या अबोल्याचा हा प्रसंग इकेडांनी लढाईसारखा रंगवला आहे आणि तो खरा घडलेला आहे.

पण या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला भाग हिऱ्यांच्या हाराचा. त्यात प्रेमाची आराधना हेच कारस्थान आहे. कार्डिनल रोआं हा बडा धर्माधिकारी, राणीच्या मर्जीतून उतरलेला. ती मर्जी परत मिळवण्यासाठी तो काहीही करायला तयार होता. झान द ला मोत नावाच्या धूर्त बाईनं हे हेरलं. तिनं राणीच्या नावानं गोड पत्रं लिहवून घेतली. ऑगस्ट १७८४मध्ये एका रात्री व्हर्सायच्या बागेत पॅरिसमधली एक तरुणी राणी म्हणून उभी केली. अंधारात कार्डिनलच्या हाती एक गुलाब पडला आणि तो विरघळला. मग राणीला गुपचूप हार घ्यायचा आहे, असा निरोप आला. ६४७ हिरे, किंमत १६ लाख लिव्र! मुळात तो घडवला होता द्यू बारीसाठी. कार्डिनलनं हमी दिली, हार ताब्यात घेतला, पोचवला, आणि त्याचे हिरे सुटे होऊन बाजारात गेले. १५ ऑगस्ट १७८५ला पूजेच्या पोशाखात असलेल्या कार्डिनलला व्हर्सायमध्येच अटक झाली. खटला चालला आणि पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला. राणीचा यात काडीचाही हात नव्हता. पण कार्डिनल निर्दोष, याचा अर्थ लोकांनी असा लावला की, राणी रात्री बागेत पुरुषांना भेटते हे पटण्याजोगंच आहे. खोट्या प्रेमपत्रांनी एका राजघराण्याची अब्रू धुळीला मिळवली.

या खऱ्या माणसांच्या गर्दीत इकेडांनी एक काल्पनिक पात्र सोडलं: ऑस्कर. सेनापती बापाला सगळ्या मुलीच झाल्या, म्हणून या धाकटीला त्यानं मुलगा म्हणून वाढवलं आणि ती राजरक्षक दलाची अधिकारी झाली. मालिका खरं तर राणीची, पण वाचक मुलींनी ऑस्करला असं उचलून धरलं की, राणी मागे पडली. मला यात नवल वाटत नाही. त्या काळी स्त्री चित्रकारांना पुरुषांच्या निम्मं मानधन मिळत असे, असं इकेडांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. पुरुषांच्या जागी उभी राहून हुकूम देणारी बाई अशा माणसाच्या हातून उगीच उतरत नाही. विद्यार्थी चळवळीतून आलेल्या त्या. आणि मालिका सुरू झाली त्याच वर्षी जपानमधली ती चळवळ रक्तपातात विझत होती.

ऑस्करला मागणी येते तेव्हाची गंमत पाहण्यासारखी आहे. बाप घाबरतो, क्रांतीचे ढग जमताहेत, पोरीला संसाराला लावावं म्हणून स्थळं बोलावतो, मेजवानी ठेवतो. ऑस्कर तिथे येते ती लष्करी गणवेशात! तिच्यावर जीव लावून असतो तो आंद्रे, तिच्या दाईचा नातू, घरचा नोकर. सरदारकन्येनं अशा माणसाशी लग्न करणं त्या समाजात अशक्य. त्या निराशेत तो तिच्या मद्यात विष कालवतो आणि ऐन वेळी ग्लास उडवून लावतो. हा भाग मला खटकला, आजच्या मुलींनाही खटकेल. पण जुलै १७८९मध्ये ऑस्कर त्याला आपला पती मानते आणि त्याच पाठोपाठ सरदारकी झुगारून आपल्या शिपायांसह लोकांच्या बाजूला जाते. हे दोन निर्णय नाहीत, एकच आहे. १३ तारखेला आंद्रे पडतो, १४ला बास्तीय पडत असताना ती. फ्रेंच गार्डचे शिपाई त्या दिवशी खरोखरच लोकांना मिळाले होते.

पुढे १९७४मध्ये ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळीनं ही कथा रंगमंचावर आणली. आपल्या बालगंधर्वांच्या उलटा प्रकार, पुरुषांच्या सगळ्या भूमिका बायकाच करतात. ऑस्कर त्यांना आयतीच मिळाली. फ्रेंच सरकारनं २००९मध्ये इकेडांना लेजियां दॉनर दिला. २०२५मध्ये नवा चित्रपटही आला.

राणीचा प्रियकर म्हणून मालिकेत येतो तो स्वीडनचा काउंट फेर्सन. तो खराखुरा माणूस. २० जून १७९१च्या रात्री राजघराणं पॅरिसमधून पळालं, तेव्हा शहराबाहेरपर्यंत गाडी हाकली ती यानं. पळालेले पकडले गेले. बरोबर १९ वर्षांनी, २० जून १८१०ला, स्टॉकहोममध्ये जमावानं फेर्सनला ठार मारलं. राणी आणि तो यांच्यातली काही पत्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यातल्या अनेक ओळी शाईनं गिरवून खोडलेल्या. २०२१मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्यानं अशा १५ पत्रांपैकी ८ पत्रांतला खोडलेला मजकूर वाचता आला. खोडाखोडीखाली प्रेमाचे शब्द निघाले. आणि शाईच्या घटकांवरून कळलं की, खोडणारा हात स्वतः फेर्सनचाच होता. राजकारणाचा मजकूर त्यानं जपून ठेवला होता.