जंतूच्या पेशींतील बनावट जागा

मनुष्याच्या आंतड्यांत वसणाऱ्या एस्चेरिकिया कोलाय या जंतूंत १९६७ सालीं आर. एन. ए.चा एक चिमुकला रेणु आढळला. ब्राउनली यांनीं १९७१ सालीं त्याच्या १८४ दुव्यांचा क्रम लावला. परंतु हा '६ एस' रेणु करतो काय, हें पुढें जवळजवळ तीस वर्षें कोणास उमगलें नाहीं. तो काढून टाकला तरी जंतु सुखानें वाढत. उपाशी ठेवल्यावांचून त्याचें मोल कळणार कसें!

तो उलगडा अमेरिकेंत वासरमन व स्टॉर्झ यांनीं २००० सालीं केला. जनुकांची नक्कल उतरविणारें पॉलिमरेज नांवाचें प्रथिन डी. एन. ए.चा दुपदरी गोफ थोडा उकलून कामास लागतें. ६ एस रेणूची घडी हुबेहूब तशा उकललेल्या गोफासारखी असते. अन्न संपत आलें कीं एकेका पेशींत हे रेणु सुमारें १०,००० पर्यंत वाढतात. पॉलिमरेज त्या बनावट जागीं अडकून पडतें, आणि वाढीच्या काळांतील पुष्कळ जनुकांचें काम मंदावतें. ज्या जंतूंत हा रेणु नाहीं, ते दीर्घ उपासमारींत तगण्यास कमी पडतात, असें २००४ सालीं दिसून आलें.

अन्न पुन्हां मिळालें म्हणजे अडकलेलें पॉलिमरेज त्या रेणूचीच एक तोकडी नक्कल उतरवितें. तिच्यायोगें घडी विस्कटते व तें मोकळें होतें.