कीटकभक्षी वनस्पतीला लागणारी कीड
(केंद्र संमेलनातील भाषण)



मी वर्गावर असताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, “गुरुजी, हे झाड किडे खाते, मग यालाच कीड कशी लागली?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या कातळावर पावसाळ्यात ‘दवबिंदू’ ही चिमुकली वनस्पती उगवते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकतात. त्यांस भुललेला कीटक अडकतो, केस त्याच्यावर वाकतात आणि पाचकरसाने तो विरघळतो. कातळावरील मातीत नत्र अत्यल्प असते. ती उणीव वनस्पती अशी भरून काढते. डार्विनने अशा वनस्पतींवर १८७५ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. एका पानावर वाळूचा कण व दुसऱ्यावर मेलेला डास ठेवून पाहण्याचा त्याच्या धर्तीचा प्रयोग आपल्या चौथीच्या मुलांनाही सहज जमेल.

माझी चूक सांगतो. मी रोपे उपटून आणली, कुंडीत शेणखत घातले आणि विहिरीचे पाणी दिले. आठवड्यात सारी रोपे काळवंडली. खत व क्षार या वनस्पतीला सोसत नाहीत. बिनखताची जांभ्याची भरड माती व वाळू घ्यावी, साठविलेले पावसाचे पाणी द्यावे, कुंडी बोटभर पाण्याच्या परातीत उन्हात ठेवावी. बी मातीवर नुसते भुरभुरावे, झाकू नये. मांसाचे तुकडे तर मुळीच घालू नयेत; पान कुजते व बुरशी येते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. शेंड्याचे कोवळे पान उलगडत असते, तेव्हा त्यावर पुरेसा चिकट रस आलेला नसतो. मावा नेमका तेथेच बसून रस शोषतो व नवी पाने वेडीवाकडी निघतात. औषध फवारल्यास चिकट थेंबच धुऊन जातात. त्यापेक्षा संपूर्ण कुंडी एक दिवस पावसाच्या पाण्यात बुडवून ठेवावी. मावा गुदमरतो, पानांवर थेंब पुन्हा येतात.

सहलीत रोपे उपटू देऊ नयेत. कासच्या पठारावर तर नाहीच. २०१२ पासून ते जागतिक वारसास्थळात समाविष्ट आहे. आपल्याच गावच्या कातळावरील दोनचार पक्व बोंडे कागदात जपून ठेवली तरी पुरे. पावसाळा सरला की रोप वाळते, आणि मुले हिरमुसतात. ती कुंडी मात्र फेकू नये. तिच्यात बी पडलेले असते. जूनच्या सरींनंतर ती पुन्हा वर्गाच्या पायरीवर ठेवावी.