कॉर्नियाचा बाक वेळेत ओळखण्यासाठी



कॉर्नियाचा बाक वाढत जाणाऱ्या केराटोकोनस या आजारावरची परिषद इथे नागपुरात भरावी, हे अगदी योग्य झालं. याच जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’चे केराटोकोनसविषयीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तिशीपुढच्या साडेचार हजारांवर लोकांची तपासणी झाली होती. कॉर्नियाची शक्ती ४८ डायॉप्टरच्या वर असणारे २.३ टक्के निघाले. नुसत्या केराटोमीटरच्या आकड्यावर निदान करावं का, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही आपल्या खेड्यांत हा आजार दुर्मीळ समजून चालणार नाही.

कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी टोपोग्राफीची यंत्रं बहुतेक करून शहरांतच आहेत. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतली मुलगी तिथवर पोहोचायची, तर आधी गावातच कुणाला तरी शंका यायला हवी. त्यासाठी लागणारी साधनं जुनी आणि स्वस्त आहेत. रेटिनोस्कोपचा उजेड बाहुलीवरून फिरवताना आतली झळाळी एकसंध न सरकता कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करू लागली, की तिथेच थांबावं आणि प्लॅसिडोची चकती हातात घ्यावी. पोर्तुगालच्या आंतोनियो प्लॅसिडो यांची ही काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची चकती १८८० च्या सुमाराची. मधल्या भोकातून पाहिलं की कॉर्नियावर वर्तुळांचं प्रतिबिंब दिसतं. साध्या सिलिंड्रिकल नंबरात ती लंबगोल होतात, पण दोन्ही बाजू सारख्या राहतात. केराटोकोनसमध्ये बाक वाढलेल्या भागात, बहुधा खालच्या बाजूला, ती एकमेकांना खेटतात आणि आकार थेंबासारखा होतो. कोरड्या डोळ्यातही वर्तुळं तुटक दिसतात, म्हणून पापण्यांची उघडझाप करायला सांगून पुन्हा पाहावं. शिबिराच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

खाली पाहताना खालची पापणी टोकदार होते, ही मन्सनची खूण पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते. ती दिसेपर्यंत आजार फार पुढे गेलेला असतो. तिची वाट पाहू नये. अगदी सुरुवातीचा बाक चकतीलाही सापडत नाही. म्हणून ज्या मुलाचा सिलिंड्रिकल नंबर दर खेपेला बदलतो, चष्मा लावूनही ज्याला फळ्यावरचं नीट दिसत नाही आणि जो सतत डोळे चोळतो, त्याच्या डोळ्यात वर्तुळं गोल दिसली तरी त्याला टोपोग्राफीला पाठवावंच.

माझा आग्रह एवढ्यासाठी, की क्रॉस-लिंकिंग या उपचाराने बहुतेकांचा आजार वाढायचा थांबतो. पण गेलेला आकार पूर्ववत होत नाही. उशीर झाला तर पुढे कॉर्निया बदलण्याची वेळ येऊ शकते. अलीकडे ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची चिठ्ठी पाहून थेट चष्मा लिहून दिला जातो आणि रेटिनोस्कोप कपाटात पडून राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारच्या कार्यशाळेत प्रत्येक टेबलावर चकती आणि रेटिनोस्कोप ठेवला आहे. शालेय तपासणी पथकांतल्या मंडळींनी पुढच्या जागा घ्याव्यात, अशी विनंती करतो.