टेनर ट्रॉम्बोन : एका मिलिमीटरचा फरक

टेनर ट्रॉम्बोनची नळी सरळ केली, तर साधारण पावणेतीन मीटर भरते. लांबी सारखीच, तरी किंग थ्रीबी आणि कॉन ८८एच या दोन अमेरिकी वाद्यांचा बाज अगदी वेगळा.

किंगच्या स्लाइडची आतली पोकळी सुमारे १२.९ मिलिमीटर, कॉनची १३.९. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. पण अरुंद नळीत कमी हवेतही स्वर चटकन उमटतो, आवाज धारदार, झळझळीत निघतो. जॅझवादकांना तो भावतो, जे. जे. जॉन्सन यांनी किंग थ्रीबी वाजवला.

रुंद नळीला दमसास जास्त लागतो. त्या बदल्यात गोल, भरदार स्वर मिळतो आणि सिंफनी वाद्यवृंदात तो सहज मिसळतो. कॉनला डाव्या अंगठ्यापाशी एक कळ असते. ती दाबली की जादा नळी जोडली जाते आणि वाद्य षड्जावरून थेट मंद्र पंचमावर उतरतं.

दोन्हींचे माउथपीसही अदलाबदल करता येत नाहीत. किंगला बारीक दांडीचा लागतो, कॉनला जाड. तेव्हा ट्रॉम्बोन घेण्याआधी ठरवा, वाजवायचा कुठे : जॅझच्या मैफलीत की वाद्यवृंदात?