चिपची नाकेबंदी आणि आपला अभ्यास



पूर्वी राष्ट्रे पोलादासाठी आणि तेलासाठी झगडत. आता सिलिकॉनच्या चिपसाठी चढाओढ लागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता या चिपवर चालते आणि ती लष्करालाही उपयोगी पडते. म्हणून ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने प्रगत चिप व त्या बनविण्याची यंत्रे चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. एनव्हिडिया कंपनीने चीनसाठी थोड्या उण्या ताकदीच्या चिप काढल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याही अडविल्या गेल्या.

हे शक्य कसे झाले? या चिपचा आराखडा अमेरिकेत होतो, घडण मुख्यतः तैवानात होते आणि त्यावरील अतिसूक्ष्म नक्षी छापणारे ईयूव्ही यंत्र नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनविते. एक कडी आवळली की सारी साखळी अडते.

हा अनुभव आपल्यालाही आहे. १९८० च्या दशकात भारताला हवा होता तेवढा शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. अभिमान जरूर बाळगावा. पण त्यातील प्रोसेसर परदेशी होते, हेही विसरू नये. जुळणी आपण साधली, चिप मात्र बाहेरून आणली.

ते उरलेले काम आजच्या वर्गांत बसलेल्या मुलामुलींचे आहे. पालकहो, गणित आणि पदार्थविज्ञान अवघड म्हणून त्यांना त्यापासून परावृत्त करू नका. विकत मिळणारी वस्तू कोणीही रोखू शकतो. शिकलेली विद्या परत घेता येत नाही.