कोण कुठल्या खोलीत झोपतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘आपले आरोग्य, आपली सुरक्षितता’ या विषयावर ए विंगमधील एका निवृत्त आरोग्य सेविकेने केलेले भाषण थोडे संपादन करून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. सातारा जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी झाली. त्यात बोलणं भरपूर झालं, पण ते अंगणवाडीच्या ओट्यावर, नाहीतर कुणाच्या तरी चुलीपुढं. २०१५ साली निवृत्त झाले आणि मुलाकडं सांगलीला आले. तेव्हापासून मी तुमचीच.

गेल्या महिन्यात कमिटीनं गेटजवळ पेटी ठेवली होती. सोसायटी निरोगी आणि सुरक्षित व्हावी म्हणून काय करावं, ते चिठ्ठीवर लिहून टाका, असं आवाहन होतं. चाळीसएक चिठ्ठ्या आल्या. सचिव म्हणाले, ‘काकू, तुम्ही आरोग्य खात्यातल्या, तुम्हीच वाचा आणि चार शब्द बोला.’ मी सगळ्या वाचल्या. काहींवर नावं आहेत, काहींवर नाहीत. अक्षरावरून मी काही जण ओळखले, पण सांगणार नाही.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कॅमेऱ्यासाठी आहेत. गेटवर बसवा, जिन्यात बसवा, गच्चीवरही बसवा. बसवा की, माझी काही हरकत नाही. पण त्याआधी मला दोन आठवणी सांगू द्या.

पहिली पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून गेले होते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्या घराची मागची भिंत आत कोसळली आणि आजी त्याखाली गेली. अंधार, धूळ, गुरांचा हंबरडा. शेजारचे अण्णा आले. त्यांनी ‘कोण कुठं आहे’ असं विचारलंसुद्धा नाही. सरळ माजघराच्या डाव्या कोपऱ्यात गेले आणि दगड उपसायला लागले, कारण थंडीत म्हातारी चुलीच्या उबेला झोपते, हे त्यांना ठाऊक होतं. आजी पुढं अकरा वर्षं जगली. त्या दिवशी कोयनानगरात आणि आसपासच्या गावांत पुष्कळ माणसं गेली. सरकारी मदत आली, पण ती नंतर. पहिल्या तासात आले ते शेजारीच.

दुसरी आठवण आपल्या सोसायटीची. ती सांगायला मला जड जातं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ चा पूर पाहिलेली जुनी माणसंसुद्धा म्हणत होती, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. तळमजल्याची मंडळी वर आली, वीज गेली, मोबाइल बंद पडले. आपण एका चुलीवर भात शिजवला, लहान मुलांना दूध पुरवून वापरलं. आपल्याला आपलं कौतुक वाटलं, आणि ते वाटावं असंच होतं. पण बी विंगमधले मास्तर त्या तीन दिवसांत एकदाही दाराबाहेर आले नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका पोरानं दार वाजवलं तर आतून नुसतं कण्हणं ऐकू आलं. शुद्ध हरपत चालली होती. बोटीतून काढून त्यांना मिरजेला हलवलं.

झालं होतं असं, की मास्तर इन्सुलिन घेत. वीज गेली, फ्रिज बंद पडला. औषध खराब झालं असेल असं समजून त्यांनी ते बंद केलं. खरं तर वापरायला काढलेली इन्सुलिनची बाटली घरातल्या गार जागी, उन्हापासून लांब, साधारण चार आठवडे चालते. मातीच्या भांड्यात ठेवली तरी भागतं. हे एक वाक्य त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारी बाई समोरच्याच विंगमध्ये भात ढवळत बसली होती. त्यांना मधुमेह आहे हे मला माहीत होतं. सकाळी फिरताना आम्ही त्यावर बोलायचो. पण त्या तीन दिवसांत मला मास्तर आठवले नाहीत.

मास्तर वाचले. पण मुलगी त्यांना कराडला घेऊन गेली, आणि ते पुन्हा इथं राहायला आले नाहीत. आज त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. प्रकृतीमुळं येता आलं नाही, पण निरोप आलाय.

म्हणून माझी पहिली सूचना यादीची आहे. एक साधी वही. प्रत्येक घरात कोण राहतं, एकटं कोण असतं, कुणाला रोजचं औषध आहे, कोण गरोदर आहे, कुणाला जिना उतरवत नाही, बाहेरगावच्या मुलाचा नंबर काय. ही माहिती खासगी आहे, हे मलाही कळतं. म्हणून ती ग्रुपवर टाकायची नाही. प्रत्येक विंगमध्ये दोघांकडं वही राहील, आणि ज्याला द्यायची नाही त्यानं देऊ नये.

आता पुराबद्दल. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. हे आपल्याला पाठ आहे, पण तेव्हा करायचं काय, हे कुठंच लिहिलेलं नाही. माझं म्हणणं असं. ३५ ला वही उघडायची आणि प्रत्येक दार वाजवायचं. ४० ला गाड्या बाहेर, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बाया, डायलिसिसवाले नातेवाइकांकडं हलवायचे. ४५ च्या आत तळमजला रिकामा आणि खालचा मेन स्विच बंद. २०१९ च्या ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली, ते आपण विसरलेलो नाही. त्यामुळं ‘शेवटी बोट येईलच’ यावर विसंबून राहायचं नाही. पाणी ओसरल्यावर खालची टाकी धुऊन, ब्लीचिंग घालून घेतल्याशिवाय ते पाणी तोंडात घ्यायचं नाही. आणि पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे आपणहून सांगायचं. लेप्टोची शंका त्यांना लवकर येते.

डासांच्या चिठ्ठ्यांत सगळ्यांनी फवारणी मागितली आहे. धुरानं उडते डास मरतात, पण पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. आणि डेंगीचा डास गटारात नाही, आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, कुंडीखालची ताटली. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पाणी नुसतं ओतून भागत नाही. भांडं घासायला हवं, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नोकरीत मी बॅटरी घेऊन लोकांचे रांजण तपासायची, आणि लोक माझ्यावर चिडायचे. आता तुम्ही चिडा. रविवारी सकाळी मी गच्चीवर येणार आहे.

कुत्र्यांवर पाच चिठ्ठ्या आहेत. नसबंदीसाठी महापालिकेकडं अर्ज आणि पाठपुरावा, हे कमिटीनं करावं. पण चावलं तर हळद-तिखट लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

चोरीबद्दल एक ऐका. आपल्या या भागातल्या कितीतरी गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका नंबरवर फोन लावला की गावातल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजतात. आपण तेवढं नाही केलं, तरी रात्री कुणाचा फोन आला तर उचलायचा, एवढं ठरवू. १०८ ला फोन केल्यावर एकानं कोपऱ्यावरच्या रस्त्याला जाऊन उभं राहायचं, हेही ठरवू. रात्री अँब्युलन्सला आपलं गेट सापडत नाही.

एक चिठ्ठी पेन्सिलनं लिहिलेली आहे. ‘जिन्यातल्या सायकली काढा. माझ्या आजोबांना कठडा धरता येत नाही.’ एवढंच. चाळीस चिठ्ठ्यांत मला ही सगळ्यात शहाणी वाटली. तिला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. आणि उद्या आग लागली किंवा स्ट्रेचर उतरवायचं झालं, तर तोच एक जिना आहे.

आपली सोसायटी नोंदली गेली त्याच सुमारास, २००० साली, राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील आपल्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. सरकारनं आधी पैसे दिले नाहीत. लोकांनी श्रमदानानं गावं झाडून काढली. मीही झाडू घेतला होता. काही गावांत बक्षिसाचा फोटो झाला आणि पुढच्या पावसाळ्यात उकिरडे पूर्वीच्या जागी आले. काही गावं मात्र टिकली. तिथं ‘गावानं करायचं’ असं म्हणत नव्हते. या गल्लीचं हिनं बघायचं, त्या टाकीचं त्यानं बघायचं, असं नाव ठरलेलं होतं.

म्हणून नावं ठरवू. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर कमिटी एक कोरा तक्ता छापणार आहे. तो भरून द्या. ए विंगची वही पहिलं वर्षभर मी सांभाळीन. बी विंगसाठी दोघं हवेत, आणि पुढच्या वर्षी माझ्याकडून वही घ्यायला एक तरुण मुलगा किंवा मुलगी हवी. मागं उभे आहात, तुम्हालाच म्हणतेय.

मास्तरांचा निरोप सांगून थांबते. ते म्हणाले, ‘यादी कराल तेव्हा माझंही नाव घाला. फ्लॅट अजून माझाच आहे.’

पहिलं नाव मी काल रात्री लिहिलंय.